जुन्या वाड्यात स्प्लिट एसी बसवताना

पुण्याच्या पेठांतील वाडे किंवा गिरगावातील चाळी बांधल्या गेल्या तेव्हा थंड हवेचे डक्ट कोणाच्या मनातही नव्हते, आणि आज ते माळ्याखालून फिरवायचे म्हटले तर पहिल्याच तुळईपाशी काम अडते; त्यामुळे अशा घरांसाठी स्प्लिट एसी हाच व्यवहार्य मार्ग उरतो. दुकानदार खोलीचे चौरस फूट विचारून टन, म्हणजे एसीची थंड करण्याची क्षमता, सांगतो आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिक ड्रिल घेऊन दारात उभा राहतो. जुन्या घरात या घाईला बळी पडू नये. आधी भिंत, मग वायरिंग, मग पाण्याचा निचरा तपासावा आणि यंत्राची निवड शेवटी करावी.

वाड्याच्या तळमजल्याची भिंत बहुधा दगडी आणि दीड-दोन फूट जाडीची असते, तर वरच्या मजल्यांवर लाकडी सांगाड्यात कच्च्या किंवा भाजक्या विटा भरलेल्या असतात. वरून सारखाच रंग असल्याने आत काय आहे ते कळत नाही. म्हणून खोलीतील युनिट जेथे बसवायचे तेथे गिलाव्यावर बोटाने टकटक करावी; आवाज पोकळ आला, तर गिलावा भिंतीपासून सुटला आहे असे समजावे. त्यानंतर सहा मिलिमीटरच्या बिटने चाचणीपुरते एक छिद्र पाडून भुकटी पाहावी. लाल, कोरडी भुकटी म्हणजे भाजकी वीट आणि पांढरट म्हणजे चुना. बिट जोर न लावताच आत सरकू लागले आणि मातकट भुकटी पडू लागली, तर तेथे नेहमीचे फास्टनर (भिंतीत ठोकायचे बोल्ट) वापरू नयेत. फास्टनर भिंतीत फुगून पकड घेतो आणि मातीची भिंत त्या दाबाने आतल्या आत भुसभुशीत होते. आतील युनिट दहा-बारा किलोचे असते. त्यासाठी सांगाड्याच्या दोन खांबांवर स्क्रूने फळी बसवून तिच्यावर युनिट अडकवायची पत्र्याची पट्टी लावणे उत्तम.

बाहेरचे युनिट मात्र पंचवीस-तीस किलोंचे असते आणि शिवाय ते थरथरते. ते भिंतीला टांगण्यापेक्षा गच्चीवर किंवा जमिनीवर, रबरी पॅड घातलेल्या स्टँडवर ठेवावे. लाकडी सज्जावर ते ठेवू नये. चौकात ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु अरुंद चौकात गरम हवा कोंडते, तीच युनिट पुन्हा आत ओढते, वीज वाढते आणि शेजाऱ्यांशी वादही वाढतात. दोन्ही युनिट जोडणाऱ्या नळ्यांसाठी भिंतीला साधारण अडीच इंचांचे भोक पाडावे लागते. ते हातोडा-छिन्नीने किंवा हॅमर ड्रिलने न फोडता कोअर कटरने (गोल भोक कापणाऱ्या यंत्राने), बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन पाडावे, त्यात पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवावा आणि भोवतालची फट चुन्याच्या मसाल्याने भरावी. खांब किंवा तुळई कोणत्याही कारणाने कापू देऊ नये. इमारत हेरिटेज यादीत असेल, तर दर्शनी भिंतीला हात लावण्यापूर्वी महापालिकेची परवानगी घ्यावी.

दीड टनाचा एसी पूर्ण भाराने चालताना सुमारे दीड किलोवॉट वीज घेतो. जुन्या बॅटन वायरिंगवर (लाकडी पट्ट्यांवरून नेलेल्या तारांवर) तो जोडणे धोक्याचे आहे, कारण त्या तारांवरील रबर वाळून तडकलेले असते. मीटरपासून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढावी आणि तिला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाल्यास वीज तोडणारा स्विच) व तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) द्यावा. अर्थिंग वेगळे तपासावे. अनेक जुन्या घरांत ते नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेले असते, आणि दुरुस्तीत मध्येच प्लास्टिकचा तुकडा बसला की ते निकामी होते, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. वीजबिलावरील मंजूर भार अपुरा असल्यास तो आधी वाढवून घ्यावा.

जुन्या घराचे खरे नुकसान पाण्याने होते. दमट हवेत एसीतून ताशी लिटरभर पाणी सहज निघते, आणि ते मातीच्या भिंतीत मुरले तर गिलावा फुगून सुटतो व लाकडाला बुरशी धरते. निचऱ्याच्या नळीला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार द्यावा, ती मध्ये कोठेही झोळीसारखी लोंबू देऊ नये आणि तिचे टोक थेट मोरीत किंवा पन्हळीत सोडावे. नळ्या भिंतीत गाडण्याचा आग्रह धरू नये; उघड्या नळ्या दिसायला बऱ्या नसल्या, तरी गळती ताबडतोब दिसते.

टनाचा हिशेब करताना चौरस फुटांबरोबर उंचीही धरावी. अकरा फूट उंचीच्या, वर थेट मंगळुरी कौले असलेल्या खोलीत थंड हवा टिकत नाही. तेथे मोठे यंत्र घेण्यापूर्वी खाली छत करून त्यावर उष्णतारोधक थर घालावा. नाशिककडे हिवाळ्यातही उपयोग हवा असेल, तर हॉट अँड कोल्ड मॉडेल मागावे, कारण आपल्याकडील बहुतेक एसी फक्त थंडच करतात. हीटर जेवढी वीज घेतो तेवढीच उष्णता देतो. हे मॉडेल बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणत असल्याने आपल्याकडच्या सौम्य थंडीत त्याच विजेत तिप्पटीच्या आसपास ऊब देते.

जोडणी पूर्ण झाल्यावर नळ्यांतील हवा व्हॅक्यूम पंपाने किमान वीस मिनिटे काढून घेण्याचा आग्रह धरावा. थोडा गॅस सोडून हवा ढकलून देण्याची पद्धत सर्रास चालते. पण आत उरलेला ओलावा कॉम्प्रेसरचे आयुष्य खातो, आणि अनेक एसींत भरलेला आर-३२ हा गॅस सौम्य ज्वलनशील असल्याने लाकडी घरात तो मोकळा सोडणे अजिबात योग्य नाही. फ्लेअरच्या जोडांवर (नळीचे टोक पसरवून नटाने आवळलेल्या जोडांवर) साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. शेवटी आतील युनिटच्या ट्रेमध्ये हळूहळू लिटरभर पाणी ओतावे आणि ते सगळे नळीच्या टोकातून बाहेर पडल्याचे स्वतः पाहूनच मेकॅनिकचे पैसे चुकते करावेत.