चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका: या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार, बाहेर ४५ अंश, आणि गाडीच्या कंप्युटरमधली माहिती दाखवणाऱ्या स्कॅनरवर कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान उणे ४०. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत हे मी स्वतः पाहिलं. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा, रेडिएटरचा पंखा सारखा चालू, ॲव्हरेज पडलेलं. "भाऊ, सेन्सर गेला," असं गॅरेजमध्ये सांगितलं गेलं, नवा सेन्सर बसला, आणि दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला.

नागपुरात उणे ४० कुठून येणार? कूलंटचं तापमान मोजणारा हा सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो, थंड झाला की वाढतो. तार तुटली की रोध अमर्याद होतो आणि इंजिनचा कंप्युटर त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लावतो. म्हणून बऱ्याच गाड्यांत हा आकडा दिसला की आधी तारेवर संशय घ्यावा. तपासणी सोपी आहे. चावी बंद करून दोन तारांच्या सेन्सरचा कपलर (तारांच्या टोकाचा प्लग) काढा, कपलरच्या दोन्ही पिना छोट्या तारेने जोडा, चावी चालू करून आकडा बघा. तो एकदम शंभराच्या वर गेला तर तारा ठीक आहेत, सेन्सर खराब. हलला नाही तर सेन्सरला हात लावू नका, तार शोधा. (पाच व्होल्ट पुरवठा येणाऱ्या तीन तारांच्या सेन्सरवर हा प्रयोग चुकूनही करू नका.) शेजाऱ्यांच्या गाडीत बॅटरीखाली उंदराने कुरतडलेली तार सापडली. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली कोरड्या जागेला येतात, म्हणून त्या दिवसांत तिथूनच सुरुवात करावी.

पाण्याचंही तसंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि वस्त्यांत पाणी शिरलं. पाण्यात उभी राहिलेली गाडी वाळल्यावर चालू होते, पण कपलरमधल्या पिना पुढे कितीतरी महिन्यांनी हिरव्या पडतात. अशी गाडी सेकंड हँड घेतली असेल तर प्रत्येक कपलर उघडून बघा.

सगळ्यात महागडी चूक ऑक्सिजन सेन्सरच्या, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपमधल्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या, बाबतीत होते. स्कॅनरवर पी०१७१ हा बिघाडाचा कोड आला, म्हणजे इंजिनला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळते आहे. हे सांगतो ऑक्सिजन सेन्सर, आणि बहुतेक वेळा खरं सांगतो. तरी लोक त्यालाच बदलतात! खरं कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा), कमी पडणारं पेट्रोलचं प्रेशर किंवा सेन्सरच्या आधी लीक होणारा सायलेन्सरचा पाइप यांपैकी एखादं असतं. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कंप्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो ते. साधारण अधिक-उणे १० टक्क्यांत असेल तर चिंता नको. आयडलला अधिक २० आणि २५०० आरपीएमला रेस दिल्यावर खाली येत असेल तर व्हॅक्यूम लीक. लोडवर वाढत असेल तर एअरफ्लो सेन्सर किंवा गाडीतला पेट्रोलचा पंप. एवढं बघायला पाच मिनिटं लागतात.

एअरफ्लो सेन्सर साफ करायचा असेल तर त्यासाठीचाच स्प्रे वापरा. कार्ब क्लीनर मारू नका, कापडाने पुसू नका. आतली तार नाजूक असते. सिमेंट रस्त्यांची कामं चालू असलेल्या भागात रोजची ये-जा असेल तर एअर फिल्टर कंपनीने सांगितलेल्या अंतराआधीच तपासलेला बरा.

आता क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन किती वेगाने फिरतंय ते कंप्युटरला सांगणारा, कारण आपल्या उन्हात त्याची फसवणूक जास्त चालते. थंड असताना ठीक, तापल्यावर त्यातून सिग्नल येणं बंद होतं. गाडी दुपारी सिग्नलवर बंद पडते, सेल मारला तरी चालू होत नाही, अर्ध्या तासाने निवली की सुरळीत. सकाळी गॅरेजला नेली की काहीच सापडत नाही, मग गाडीतला पेट्रोलचा पंप बदलला जातो. माझं स्पष्ट मत: अशी गाडी दुपारी, तापलेली असतानाच दाखवा. सेल मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य राहत असेल तर आधी क्रँक सेन्सर आणि त्याचा कपलर बघा.

बॅटरीची तार काढून दिवा घालवणं हीदेखील चूक. कोड पुसला जातो आणि त्यासोबत फ्रीज फ्रेमही जाते, म्हणजे बिघाडाच्या क्षणी वेग, आरपीएम, तापमान काय होतं याची नोंद. ती आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

निवांत तपासण्याला एक अपवाद आहे, तो मात्र कधीही विसरू नका. दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल, गाडी मिसिंग मारत असेल, तर ॲक्सिलरेटर सोडा आणि बाजूला थांबा. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळून टाकतं, आणि त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते.

काम झाल्यावर कोड पुसा, दोन-तीन दिवस थंड सुरुवातीपासून हायवेपर्यंत गाडी चालवा आणि पेंडिंग कोड (दिवा लागण्याआधीच नोंदले जाणारे) पुन्हा वाचा. तिथे काही नसेल तरच जुना सेन्सर फेका.