डाळिंबाच्या कळीपासून बाळापर्यंत: घरच्या मुलांना प्रजनन कसं समजावून सांगावं

राज्य मंडळाच्या पुस्तकात फुलाचं आणि माणसाचं प्रजनन सविस्तर येतं ते दहावीला. तोवर मूल पंधरा वर्षांचं झालेलं असतं. पाळी मात्र बहुतेक मुलींना १० ते १४ या वयात सुरू होते, मुलांचा आवाजही त्याच सुमाराला फुटायला लागतो. धडा येईपर्यंत मुलं निम्मं-अर्धं कुठून तरी ऐकून बसलेली असतात, आणि ते बहुधा चुकीचं असतं. म्हणून पाचवी-सहावीतच हे काम घरी उरका. भाऊ-बहीण असतील तर दोघांना एकत्र बसवा. पाळीबद्दल मुलाला कळायला हवं आणि आवाज का बदलतो हे मुलीला.

१. फुलं जमवा

एक जास्वंद लागेल, ती कुणाच्याही अंगणात मिळेल. दुसरं फूल डाळिंबाचं. सोलापुरात राहून डाळिंबाच्या बागेत ओळख नाही असं घर विरळा. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, कुठं ना कुठं पाहुणे असतातच. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मृगाची जून-जुलैत, हस्ताची सप्टेंबर-ऑक्टोबरात. झाडावरची कळी तोडू नका, शेतकऱ्याचं नुकसान होतं. गळून पडलेली नर फुलं हवी तेवढी मिळतात. मादी कळी (बुडाशी फुगीर असते ती) मात्र विचारून एकच घ्या. शिवाय एक पिकलेलं डाळिंब, ब्लेड, भिंग आणि पांढरा कागद. ब्लेड मोठ्यांनीच चालवायचं.

२. फूल उघडा

सुरुवात जास्वंदीनं करा, तिचे अवयव मोठे आणि उघडे असतात. पाकळ्या काढल्या की मधली दांडी उरते. तिच्यावरचे पिवळे ठिपके म्हणजे परागकोश. ते कागदावर झटका, पिवळी पूड पडेल. एकेक कण म्हणजे एकेक परागकण. दांडीच्या टोकाला पाच गोल बोंडं दिसतात, ती कुक्षी. परागकण तिथं चिकटतात. बुडाशी देठाजवळ उभा काप दिला की अंडाशय आणि त्यातली बारीक पांढरी बीजांडं दिसतील.

बागेतल्या जास्वंदीला सहसा बी धरत नाही, आपण ती फांदी लावून वाढवतो. पुढची गोष्ट तिच्यावर दाखवता येत नाही, म्हणून आता डाळिंब घ्या.

डाळिंबाच्या एकाच झाडावर दोन तऱ्हेची फुलं येतात. एक बुडाशी निमुळतं, त्यातलं अंडाशय वाढलेलंच नसतं. हे नर फूल, ते गळून जातं. दुसरं बुडाशी चांगलं फुगीर. शेतकरी तिला मादी कळी म्हणतात, पण चिरली की तिच्यात पुंकेसर, म्हणजे पराग धरणारे नर अवयवही दिसतात. खरं तर ती उभयलिंगी, नर-मादी दोन्ही. फळ धरतं ते हिलाच. दोन्ही फुलं उभी चिरून शेजारी ठेवा आणि फरक मुलांनाच शोधू द्या. इथं घाई करू नका.

३. एक दाणा, एक परागकण

मधमाशी पराग आणून कुक्षीवर टाकते. फुलोऱ्यात विषारी फवारणी टाळायची ती याचसाठी. कुक्षीवर पडलेल्या परागकणातून बारीक नळी फुटते, ती आत उतरत बीजांडापर्यंत जाते आणि नर पेशी अंडपेशीला मिळते. हेच फलन. मग बीजांडाचं बी होतं आणि अंडाशयाचं फळ.

आता पिकलेलं डाळिंब फोडा. प्रत्येक दाणा म्हणजे फलन झालेलं एक बीजांड, आणि प्रत्येकासाठी वेगळा परागकण आत उतरलेला. फळाच्या मुकुटात डोकावायला सांगा: वाळलेले पुंकेसर अजून तिथंच असतात. मुकुट म्हणजे फुलाचीच लाल निदलं, कळीला बाहेरून झाकणारी.

४. आता माणूस

बरेच पालक इथं थांबतात आणि 'माणसाचंही असंच असतं' म्हणून उठतात. माझ्या मते सगळा घोटाळा इथंच होतो. तसंच नसतं. उभयलिंगी फुलात दोन्ही अवयव एकत्र असतात, माणसात ते दोन वेगळ्या शरीरांत. वृषणात शुक्रपेशी तयार होतात, स्त्रीच्या पोटात दोन अंडाशयं असतात, त्यांत अंडपेशी. शिश्न, वृषण, योनी, गर्भाशय हे शब्द आतडं किंवा फुप्फुस म्हणताना लागतो त्याच आवाजात उच्चारा. अवयवाला नाव असलं, की कुणी नको तिथं हात लावला तर मूल ते सांगू शकतं. याच बैठकीत १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांकही सांगून ठेवा.

मग प्रश्न येतोच: "आई, इथं तर मधमाशी नाही. मग ते आत पोचतं कसं?" उत्तर टाळू नका, लांबवूही नका. "मोठी झालेली माणसं, दोघांचीही इच्छा असेल तेव्हा शरीरानं जवळ येतात. पुरुषाचं शिश्न स्त्रीच्या योनीत जातं आणि शुक्रपेशी तिथं सोडल्या जातात. हे फक्त मोठ्यांचं असतं." एवढं पुरे. ऐकून मुलं हसतील, तोंड वेडंवाकडं करतील, करू द्या.

शुक्रपेशी कोट्यवधी असतात, अंडपेशीत शिरते ती एकच. फलन गर्भाशयात होत नाही, अंडाशयाकडून गर्भाशयाकडे जाणाऱ्या नळीत, म्हणजे अंडवाहिनीत होतं. वडिलांची २३ गुणसूत्रं (आईवडिलांचे गुण बाळात नेणारे पेशीतले धागे) आणि आईची २३ अशी ४६ एकत्र येतात, आणि साधारण आठवड्याभरात गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. शेवटच्या पाळीपासून मोजले तर बाळंतपणापर्यंत सुमारे २८० दिवस होतात.

गर्भ रुजला नाही तर ते अस्तर रक्तासोबत बाहेर पडतं, तीच पाळी. त्यात विटाळ काही नाही, हे घरात आजी ऐकत असताना सांगा. मुलाला पॅड दाखवा, कसा वापरतात तेही सांगा.

५. मुलगा की मुलगी

डोहाळजेवणात वाट्यांखाली पेढा नि बर्फी झाकून ठेवतात आणि गर्भारशीनं कुठली वाटी उचलली त्यावर सगळ्या हसतात. मुलांनी ते पाहिलेलं असतं, त्यावरून सुनेला बोललेलंही ऐकलेलं असतं. म्हणून हे पक्कं सांगा: आईच्या अंडपेशीत नेहमी एक्स गुणसूत्र असतं, वडिलांच्या शुक्रपेशीत एक्स असेल तर मुलगी, वाय असेल तर मुलगा. फलनाच्या क्षणीच ते ठरलेलं असतं, आईच्या हातात त्यातलं काहीही नसतं. आणि जन्माआधी गर्भाचं लिंग तपासून सांगणं हा आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. हॉस्पिटलच्या भिंतीवर ती पाटी मुलांनी वाचलेली असते; ती का लावलेली असते, तेही याच वेळी सांगा.