आओ नांगला एकट्याने आणि कमी खर्चात राहताना या चुका टाळा

थायलंडच्या क्राबी प्रांतातील आओ नांग हे किनाऱ्यावरचे गाव हात राखून खर्च करणाऱ्या एकट्या प्रवाशाला मानवणारे आहे. विमानतळ फार दूर नाही, सामायिक खोलीतल्या खाटेपासून पोहण्याच्या तलावासह असलेल्या रिसॉर्टपर्यंत सर्व प्रकारची सोय मिळते आणि समोरच्या बेटांवर जाणाऱ्या होड्या किनाऱ्यावरूनच सुटतात. तरीही ठरवलेल्या रकमेत परत येणारे थोडेच असतात, आणि त्याचे कारण बहुधा महाग खोली हे नसते. जोडीने किंवा घोळक्याने गेलेल्यांचा टॅक्सीचा, होडीचा आणि खोलीचा खर्च वाटला जातो. एकट्याच्या बाबतीत तो सगळा एकाच डोक्यावर बसतो, आणि खोलीच्या भाड्यात रात्रीमागे दोनशे बाथ (थाई चलन) वाचवण्याच्या नादात नेमकी हीच गोष्ट नजरेआड होते.

आठवडाभराचे पैसे आधीच भरणे

थायलंडमध्ये ‘रिसॉर्ट’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. झाडीत उभारलेल्या पाचसहा झोपड्याही स्वतःला रिसॉर्ट म्हणवतात, त्यामुळे नावावरून काही ठरवू नये. बहुतेक ठिकाणी भाडे माणशी नसून खोलीमागे असते, म्हणजे दुसरी उशी रिकामी राहिली तरी तिचे पैसे आपणच देत असतो. म्हणून एकट्यासाठी खरा प्रश्न सामायिक खोलीतली खाट घ्यावी की साधी पंख्याची खोली, एवढाच असतो.

माझ्या पहिल्या मुक्कामात मी सात रात्रींचे पैसे ‘परतावा नाही’ या अटीवर, थोड्या सवलतीसाठी, आगाऊ भरले होते. खोली स्वच्छ होती, परंतु खिडकीखाली मद्यालय होते आणि तेथील संगीत रात्री दोनपर्यंत चाले. तिसऱ्या दिवशी मी दुसरीकडे गेलो आणि उरलेल्या पाच रात्रींवर पाणी सोडले. तेव्हापासून मी फक्त पहिल्या दोन रात्रींचे आरक्षण करतो, गावात पोचल्यावर पायी फिरून तीनचार खोल्या प्रत्यक्ष पाहतो आणि मग पुढचे ठरवतो. अपवाद फक्त नाताळ ते नववर्ष या दिवसांचा आहे: तेव्हा आयत्या वेळी खोली मिळणे कठीण असते, दर चढलेले असतात आणि काही मोठी रिसॉर्टे ३१ डिसेंबरच्या रात्रीचे जेवण सक्तीने बिलात जोडतात.

‘समुद्रापासून दहा मिनिटे’ हे वाक्यही पारखून घ्यावे, कारण ही दहा मिनिटे पायी आहेत की गाडीने, हे जाहिरातीत स्पष्ट केलेले नसते. स्वस्त खोल्या बहुधा किनाऱ्यापासून आत क्राबी शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर असतात. मुख्य किनारा होड्यांच्या इंजिनांमुळे गजबजलेला असतो; शांतता हवी असेल तर शेजारच्या नोप्परात थारा किनाऱ्याच्या बाजूला खोली पाहावी, जिथली सुरूची झाडे पाहून कोकणातल्या माणसाला परके वाटत नाही.

खोली वाईट निघालीच, तर सामान उघडण्यापूर्वीच तक्रार करावी, छायाचित्रे काढावीत आणि ज्या ॲपवरून आरक्षण केले त्याच्या संदेशपेटीत त्याच दिवशी लिहून ठेवावे. दोन रात्री राहून मग केलेल्या तक्रारीला कोणी फारसे मनावर घेत नाही.

विमानतळावरून थेट टॅक्सी करणे

क्राबी विमानतळावरून आओ नांगला जाणारी बस माणशी साधारण १५० बाथ घेते, तर टॅक्सी संपूर्ण गाडीचे भाडे घेते आणि ते त्याच्या कित्येक पट असते. विमान उशिरा रात्री उतरणारे असेल तर बस मिळेलच याची खात्री नसते. स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे मग टॅक्सीवाल्याकडे जातात. क्राबी शहर आणि आओ नांग यांच्यामध्ये सोंगथॅव धावतात. मागे समोरासमोर दोन बाकडी असलेली ही गाडी म्हणजे आपल्याकडचे वडापच होय. उतरायचे असेल तेव्हा घंटीचे बटण दाबावे आणि पैसे उतरून चालकाला द्यावेत.

पावसाचा हिशेब न करणे

मे ते ऑक्टोबर या काळात खोल्यांचे दर उतरतात, आणि ते विनाकारण उतरत नाहीत. कोकणात कोसळणारा नैऋत्य मोसमी पाऊसच अंदमान समुद्राच्या या किनाऱ्यावर येतो, समुद्र खवळतो आणि बेटांवरच्या फेऱ्या ऐनवेळी रद्द होतात. ज्यांना जुलै-ऑगस्टमध्येच रजा मिळते त्यांनी थायलंडच्या आखाताच्या बाजूचे को सामुई किंवा को फांगान निवडावे, कारण तिथला जोरदार पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. दोन्ही किनारे एकाच देशाचे असले तरी त्यांचे ऋतू वेगळे आहेत, ही गोष्ट आरक्षणाच्या घाईत लक्षात येत नाही. फी फी बेटांपैकी एकावरील प्रसिद्ध माया बे पाहण्यासाठीच जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे: प्रवाळांचे नुकसान झाल्यामुळे २०१८ साली बंद झालेला हा किनारा २०२२ साली पुन्हा उघडला, परंतु अलीकडे दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने तो बंद ठेवतात. इतर वेळीही तिथे पोहता येत नाही आणि परदेशी प्रौढांसाठी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्क ४०० बाथ आहे. सहलीच्या फलकावरील किमतीत ते बहुधा धरलेले नसते, म्हणून पैसे देण्यापूर्वी विचारावे.

होडी आणि ओहोटी

आओ नांगजवळचे रायले हे किनाऱ्यांसाठी प्रसिद्ध ठिकाण मुख्य भूमीचाच भाग असूनही चुनखडीच्या उभ्या कड्यांमुळे तिथे रस्ता पोचत नाही, त्यामुळे होडीला पर्याय नाही. आओ नांगच्या किनाऱ्यावरील खिडकीवर दिवसा माणशी साधारण १०० बाथचे तिकीट मिळते आणि आठेक माणसे जमली की लांब शेपटीची होडी सुटते. एकट्याचा घात परतीच्या वेळी होतो. रायलेच्या पश्चिम किनाऱ्यावर सूर्यास्त पाहत बसावे, अंधार पडावा, सहप्रवासी निघून गेलेले असावेत आणि मग नावाड्याने संपूर्ण होडीचे भाडे सांगावे, हा प्रकार नेहमीचा आहे. तो टाळण्यासाठी उतरतानाच ‘शेवटची सामायिक होडी किती वाजता?’ असे विचारावे. उशीर झालाच, तर घासाघीस करण्यापेक्षा किनाऱ्यावर थांबलेल्या इतरांना आओ नांगला जायचे आहे का, हे विचारत माणसे जमवावीत. एरवी अबोल राहणाऱ्यालाही हे जमते, असा माझा अनुभव आहे.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक न पाहणे ही चूक समुद्राकाठी वाढलेल्या मराठी माणसाकडून होऊ नये, तरी होते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास इथे उधाणाची भरती आणि तितकीच खोल ओहोटी असते. पाणी आटले की रायलेच्या पूर्व किनाऱ्यावर तिवरांमधला चिखल उघडा पडतो, आणि पाठीवर सामान घेऊन त्यातून चालणे सुखाचे नसते. उलट, तुप आणि को काय या बेटांना जोडणारा वाळूचा दांडा, ज्याला तिथे थाले वाएक म्हणतात, ओहोटीलाच वर येतो. भरतीच्या वेळी सहल घेतली तर दांडा दिसत नाही, पैसे मात्र तेवढेच जातात. चढउतार गुडघाभर पाण्यातून असतो, म्हणून पारपत्र आणि भ्रमणध्वनी जलरोधक पिशवीत ठेवावेत.

पारपत्र तारण ठेवून स्कूटर घेणे

तिथेही वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे आपल्याला स्कूटर सोपी वाटते आणि इथेच सर्वांत महागडी चूक होते. भारतात आरटीओकडून १००० रुपये भरून एक वर्षासाठी मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत असावा, आणि त्यात दुचाकीचा प्रकार नोंदलेला असावा. तो नसेल तर तपासणीत दंड होतोच, शिवाय अपघात झाल्यास प्रवास विम्याची कंपनी दावा नाकारू शकते. तसे झाले तर खाजगी रुग्णालयाचे बिल एकट्यालाच भरावे लागते. स्कूटर देणारा पारपत्र मागत असेल तर त्याची प्रत आणि रोख अनामत यांवर व्यवहार करणारा दुसरा शोधावा. गाडी ताब्यात घेताना तिच्या चारही बाजूंचे चित्रीकरण मालकासमोरच करावे. जुन्या ओरखड्यांचे पैसे मागितले गेले, तर पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक उपयोगी पडतो.

पैसे आणि जेवण

थाई एटीएममधून परदेशी कार्डाने पैसे काढताना दर वेळी २२० बाथ किंवा त्याहून अधिक शुल्क लागते, म्हणून थोडे थोडे काढू नयेत. यंत्राने रुपयांत रूपांतर करून देऊ का, असे विचारल्यास नकार द्यावा, कारण त्यांचा दर आपल्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. दुकानोदुकानी दिसणारे क्यूआर फलक प्रामुख्याने थाई बँकांच्या प्रॉम्प्टपे व्यवस्थेचे असतात. यूपीआयच्या भरवशावर रिकाम्या खिशाने बाहेर पडू नये.

शाकाहारी व्यक्तीने ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण माशांपासून बनवलेले नाम प्ला आणि कोळंबीची कापी साध्या भाजीतही असते. ‘किन जे’, म्हणजे ‘मी कडक शाकाहारी जेवण जेवतो’, असे म्हणावे. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर असलेल्या दुकानांत हे जेवण मिळते. या ‘जे’ पद्धतीत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे जैन किंवा चातुर्मास पाळणाऱ्या प्रवाशाला ते आयतेच सोयीचे पडते.

एकट्याने पाण्यात उतरणे

किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर गुडघाभर पाण्यातही जाऊ नये. प्रवाह खोल समुद्राकडे ओढू लागला तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजत बसण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत त्याच्या पट्ट्यातून बाहेर यावे. जेलीफिशचा दंश झाल्यास जागा चोळू नये, गोडे पाणी ओतू नये. थायलंडच्या अनेक किनाऱ्यांवर यासाठीच खांबावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, तेच भरपूर ओतावे आणि श्वास घेण्यास त्रास होत असेल तर रुग्णवाहिकेसाठी १६६९ हा क्रमांक लावावा. आओ नांगच्या टोकाशी असलेल्या पायवाटेवरची माकडे पिशव्या ओढतात. ती चावली किंवा त्यांनी ओरबाडले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

बेटावर निघताना खोलीच्या मालकिणीला कोणत्या होडीने जातो आहोत आणि कधी परतणार, हे सांगून जावे आणि परतल्यावर तसे कळवावे. दुसऱ्या वेळी मी हे सांगून गेलो होतो. होडी दीड तास उशिरा आली, तेव्हा त्या बाईंनी धक्क्यावर दूरध्वनी करून चौकशी केलेली होती.