वाचनालयाच्या माडीवर स्टुडिओ काढताय? या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या माडीवर जुने दिवाळी अंक आणि मोडक्या खुर्च्यांची एक खोली होती. ती रिकामी करून आम्ही तिथे मीडिया खोली सुरू केली. गावातल्या कुणीही यावं, आवाज मुद्रित करावा, व्हिडिओ कापावा, पोरांनी थ्री-डी प्रिंटरवर काहीबाही करून बघावं. आता आसपासच्या गावांतली मंडळी बघायला येतात आणि जिन्यावरूनच विचारतात, "कॅमेरा कुठला घेतलात?"

आम्हीही तिथूनच सुरुवात केली होती. देणगी आली तशी महागातला कंडेन्सर माइक आणला आणि पहिल्याच दिवशी एका आजींना बोलावून जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या. ऐकायला बसलो तर ओवीपेक्षा पंखा मोठा. खाली कुणी खुर्ची सरकवली तीही आली, एसटी स्टँडवरची उद्घोषणाही आली. कंडेन्सर माइकला सगळंच ऐकू येतं, ती त्याची हुशारी आहे. आवाजाचा बंदोबस्त न केलेल्या खोलीत साधा, जवळचाच आवाज धरणारा डायनॅमिक माइक तोंडापासून चार-सहा बोटांवर धरा आणि पंखा बंद करा. घाम येतो, पण ओवी ऐकू येते.

खोली घुमते म्हणून कुणीतरी अंड्यांचे ट्रे चिकटवायला सांगितलं. चिकटवले. दोन रविवार गेले आणि घुमणं होतं तिथेच राहिलं. तो पातळ पुठ्ठा वरच्या पट्टीतला आवाज किंचित मऊ करतो, खालचा त्याला जुमानत नाही. वर ठिणगी पडली तर भडकतो, आणि खाली हजारो पुस्तकं! शेवटी महिला मंडळाने जुन्या जाड गोधड्या दिल्या. त्या भिंतीला चिकटवू नका, वीतभर पुढे टांगा; मागे हवा राहिली की आवाज जास्त जिरतो. वाचनालयात आणखी एक फुकटचा उपाय असतो, पुस्तकांनी भरलेली कपाटं. लहानमोठ्या जाडीच्या पुस्तकांवर आवाज विखुरतो. काचेची दारं असतील तर मुद्रणाच्या वेळी उघडी ठेवा. मग खोलीच्या मध्यावर उभं राहून टाळी वाजवा. टाळीमागून 'ट्रिंग' अशी शेपटी आली, तर आणखी एक गोधडी.

मागे सतत गुणगुण येते. आधी माइकला दोष देऊ नका. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून बघा. गुणगुण थांबली तर दुखणं विजेच्या जोडणीत आहे. बहुधा वेगवेगळी उपकरणं वेगवेगळ्या सॉकेटवर असतात आणि अर्थिंगमधून ५० हर्ट्झची घरघर आवाजाच्या वायरीत शिरते. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर आणा. इथे कुणीतरी हमखास सांगतं, "तिसरी पिन काढून टाका, आवाज जाईल." आवाज जाईलही, पण उद्या माइकला हात लावणाऱ्या पोराला शॉक बसेल. वायरमनला बोलवा. आमच्याकडे अर्थिंगच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यातली पट्टीच गंजून तुटलेली निघाली. म्हणजे इतकी वर्षं अख्खं वाचनालय अर्थिंगविना चाललं होतं.

चित्रात पट्टे सरकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाइल ऑटोवर सोडला की त्याच्या शटरचा वेग याच्याशी जुळत नाही. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधून टाका.

मुलाखत लांबली की ओठ आणि आवाज फाटतात. मोबाइलचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची ते, मुद्रण चालू असतानाच बदलत राहतो, हे त्याचं कारण. एडिटिंगला घेण्यापूर्वी फाइल हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून फ्रेम रेट कायम करून घ्या. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर असेल तर तो ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, आणि सुरुवातीला व शेवटी एकेक टाळी वाजवा; तिच्यावरून आवाज आणि चित्र जुळवता येतं.

मराठी शीर्षकं तुटतात. ही तक्रार सगळ्यात जास्त येते. 'विठ्ठल'मधली वेलांटी उडी मारते, जोडाक्षरं पाय मोडून पडतात. प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्स विभागात जाऊन साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न हा पर्याय निवडा आणि शीर्षक नव्याने टाइप करा. छापखान्यातून आलेला मजकूर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर तो युनिकोडपूर्व फॉन्टमधला आहे. तो युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा, मग 'र्‍या' आणि रफार डोळ्यांनी तपासा. तिथे हटकून घोटाळा होतो.

पावसाळा हे वेगळंच प्रकरण. थ्री-डी प्रिंटरची प्लास्टिकची तार हवेतली ओल पिते, नळीतून तडतड आवाज येतो आणि वस्तूवर कोळ्याचं जाळं धरतं. तार झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, लेन्सही त्यातच. आमच्या एका लेन्सच्या आत बुरशी वाढली, तेव्हा हे शहाणपण आलं.

काही मंडळींना लगेच 'आपला रेडिओ' हवा असतो आणि ती एफएम ट्रान्समीटर ऑनलाइन शोधायला लागतात. परवान्याशिवाय तो लावणं गुन्हा आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून ९०.४ एफएमवर चालते, ती रीतसर कम्युनिटी रेडिओ, म्हणजे स्थानिक लोकांसाठीचं परवानाधारक केंद्र म्हणून. परवान्याची तयारी नसेल तर पॉडकास्ट काढा. शिवाय कम्युनिटी रेडिओवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे कार्यक्रम ठरवण्याआधीच वाचून ठेवा.

प्रिंटरवर पोरं महिनाभर कीचेन छापतात आणि मग त्यावर धूळ बसते. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. तिथे मुलं गावाला लागणाऱ्या वस्तू बनवत शिकतात. आम्हीही मग पोरांना कपाटांच्या तुटलेल्या मुठी छापायला लावल्या.

सगळ्यात महाग चूक मात्र साधी होती. सगळं मुद्रण एकाच हार्ड डिस्कवर होतं आणि फाइलींची नावं 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल'. एका उन्हाळ्यात डिस्क उडाली. त्या आजींच्या ओव्या गेल्या, आणि तोवर आजीही नव्हत्या. आता तीन प्रती असतात, त्यातली एक वाचनालयाबाहेर, सचिवांच्या घरी. नावात आधी तारीख, मग गाव, मग विषय. गाणाऱ्याची लेखी संमती त्याच दिवशी घेतो, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलावंताचे हक्क वेगळे धरले आहेत.

आणि किल्ली. पहिलं वर्षभर ती एकाच कार्यकर्त्याच्या खिशात असे. तो लग्नाला गेला की खोली बंद. आता खाली वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी खिळ्याला टांगलेली असते, वहीत सही करायची आणि घ्यायची. दोनदा हरवली. कुलूप बदललं, खिळा तोच आहे.