गोल्डन फॉस्टरला आणताय? ती गप्प बसलीये म्हणजे रुळलीये असं नाही

मागच्या वर्षी आमच्याकडे पुण्यात एक गोल्डन रिट्रीव्हर फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, आली. वय अंदाजे ६, वजन फक्त १९ किलो, खरं तर या जातीची मादी २५ ते २९ किलोची असते. नखं इतकी वाढलेली की फरशीवर चालली की टकटक आवाज यायचा, सड लोंबलेले, मागच्या पायांच्या केसांवर लघवीचा पिवळा डाग पक्का बसलेला. डॉक्टर बघताक्षणी म्हणाले, हिला पिंजऱ्यात ठेवून पिल्लांसाठी वापरलीये आणि आता उपयोग नाही म्हणून सोडून दिलीये. मादीकडून किती वेळा पिल्लं घ्यायची यावर २०१७ च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमांत मर्यादा आहे, पण पाळतंय कोण. आम्ही तिचं नाव शेवंती ठेवलं.

पहिले दोन दिवस ती बाथरूमच्या दारापाशी एका जागी बसून होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं किती शहाणी आहे ही, जरा म्हणून त्रास नाही." मलाही तसंच वाटलं होतं. पण नीट बघितलं तर ती सारखी ओठ चाटत होती, झोप नसताना जांभया देत होती, पंखा चालू असून धापा टाकत होती, आणि कुणी जवळून गेलं की मान न वळवता नुसते डोळे फिरवत होती, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायचा. ही सगळी भीतीची लक्षणं आहेत. गोल्डन म्हणजे प्रेमळ हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ती गुरगुरत नाही म्हणजे खूश आहे असं आपण धरून चालतो, आणि मग शेजारचे बघायला येतात, मुलं मिठ्या मारतात, फोटो काढतात, आणि चौथ्या दिवशी ती कुणावर तरी दात दाखवते की लगेच सगळे म्हणतात कुत्रीच खराब आहे. म्हणून पहिला आठवडा पाहुणे बंद. घरातल्यांनीसुद्धा तिच्याकडे चालत जायचं नाही, बाजूला जमिनीवर बसायचं, पाठ थोडी वळवून, आणि ती येईल तेव्हा येऊ द्यायचं. डोक्यावरून हात फिरवायचा नाही, आधी छातीपाशी किंवा मानेच्या बाजूला.

रस्त्यावर सापडलेली असेल तर ती कुणाची तरी हरवलेली असू शकते हे आधी लक्षात घ्या. व्हेटकडे मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) स्कॅन करून घ्या, आसपासच्या दवाखान्यांत कळवा, फोटो टाका पण एखादी खूण मुद्दाम सांगू नका, म्हणजे कुणी माझी आहे म्हणून आलं की तीच खूण विचारता येते आणि जुने फोटो, लसीकरणाचं कार्ड मागता येतं.

घरी आणायच्या आधीच डॉक्टरकडे न्या. घरात आधीपासून कुत्रा असेल तर हे टाळूच नका, आणि निदान पहिले काही दिवस दोघांना वेगळ्या खोलीत ठेवा. रक्ताची तपासणी करताना टिक फीव्हरचं आवर्जून सांगा. आपल्याकडे गोचिड्या बारा महिने असतात आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. हिरड्या पांढुरक्या, ताप, जेवण बंद, नाकातून रक्त, असं काही दिसलं तर उद्यावर टाकायचं नाही, त्याच दिवशी जायचं. शेवंतीला एर्लिकिया (टिक फीव्हरचाच एक प्रकार) निघाला, डॉक्सीसायक्लिन २८ दिवस चाललं, आणि आठवड्याभरात ती खायला लागली म्हणून मध्येच बंद करायचा मोह होतो तो करू नका, कोर्स पूर्ण करा. कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त, त्यामुळे अंग गरम लागलं म्हणून घाबरू नका, थर्मामीटर लावा आणि माणसाची पॅरासिटामॉल वगैरे मुळीच देऊ नका. सोबत जंताचं औषध, रेबीजची लस, आणि स्पेइंग, म्हणजे मादीची नसबंदी, कधी करायचं ते विचारून ठेवा. स्पेइंग न झालेल्या मोठ्या मादीला गर्भाशयात पू होतो, पायोमेट्रा म्हणतात त्याला, माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत होतो, आणि ती खूप पाणी प्यायला लागली, सुस्त झाली किंवा खालून घाण यायला लागली तर ती इमर्जन्सी आहे.

उपाशी कुत्र्याला बघून भरभरून वाढावंसं वाटतं, तेच करायचं नाही. थोडं थोडं, दिवसातून ४-५ वेळा. मऊ भात, हाड काढलेलं उकडलेलं चिकन, थोडा लाल भोपळा, मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. घरात कुणी प्रेमाने शिऱ्याचा घास देतं, त्यात बेदाणे असतात, आणि द्राक्षं-बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक आहेत हे घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, आधी बसवून सांगा. चिकनची शिजलेली हाडं पण नाही. ती खात असताना ताटलीला हात लावायचा नाही, जिला कधी पोटभर मिळालेलं नाही तिला ते कोणीतरी काढून घेतंय असंच वाटणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पळून जाणं. रेस्क्यू कुत्री हरवतात ती बहुतेक पहिल्या काही दिवसांत, दार उघडं राहिलं, पार्सलवाला आला, फटाका वाजला, की संपलं. तिला अजून हे आपलं घर आहे हे माहीत नसतं, त्यामुळे ती परत येणार नाही. गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्हीला वेगवेगळी लीश, निदान महिनाभर, ती कितीही शांत चालू दे. पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला बिल्ला पहिल्या दिवशीच.

पिंजऱ्यात वाढलेल्या कुत्रीला जिना माहीत नसतो. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, ती पहिल्या पायरीवर पुढचे दोन पाय ठेवून थरथरत उभी राहायची. ओढलं नाही, उचलून नेलं, आणि रोज फक्त शेवटच्या दोन पायऱ्या चिकनच्या तुकड्यावर उतरवल्या, मग तीन, मग पाच. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात आणि गोल्डनना हिपचा त्रास तसाही जास्त असतो, तेव्हा जुन्या सतरंज्या, पायपुसणी, जे असेल ते तिच्या वाटेवर अंथरा. लघवी घरात करणारच, ओरडू नका. दर ३-४ तासांनी खाली न्या, रोज त्याच झाडापाशी, केली की लगेच खाऊ. आम्हाला १६ दिवस लागले.

उन्हाळ्यात लोक सांगतील टक्कल करा म्हणजे गार वाटेल. करू नका, तिच्या केसांचे दोन थर असतात आणि ते उन्हापासून वाचवतात. गुंता आणि मेलेले केस विंचरून काढा, फिरवणं सकाळी सातच्या आत आणि ऊन उतरल्यावर. अंघोळ पहिल्याच दिवशी नको, आणि जेव्हा घालाल तेव्हा आतल्या थरापर्यंत कोरडं करा, कान पण पुसा, नाहीतर पावसाळ्यात त्वचेवर ओल्या जखमा होतात.

रेस्क्यूवाले ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने असा हिशोब सांगतात. घाबरण्याचे ३ दिवस, दिनक्रम कळायला ३ आठवडे, घर आपलं वाटायला ३ महिने. अंदाजच आहे तो. शेवंती बाविसाव्या दिवशी माझी एक चप्पल तोंडात धरून हॉलमध्ये आली. चावली नाही, नुसती अलगद धरली होती, शेपटी हलत होती, आणि माझ्या पायापाशी येऊन उभी राहिली. ही जात १९व्या शतकात स्कॉटलंडमध्ये शिकारीत पडलेले पक्षी पाण्यातून, झुडपातून न चावता आणून द्यायला तयार केली, हे मी वाचलं होतं, पण सहा वर्षं जिला काही उचलायला मिळालं नाही ती हे करताना बघून मला रडू आलं. तिला चप्पल टाक म्हणून ओरडू नका, दुसरं काहीतरी देऊन अदलाबदल करा.

अ‍ॅडॉप्शनसाठी फोटो टाकला की पन्नास मेसेज येतात, गोल्डन आहे ना. मादी फुकट मिळतेय म्हणून ब्रीडिंगला नेणारेही त्यात असतात, म्हणून स्पेइंग झाल्याशिवाय देऊ नका, नंतर करून घेऊ या शब्दावर तर नाहीच. घरी जाऊन बघा. दिवसभर घरी कोण असतं, गावाला गेलात तर कुठे ठेवणार, घरातली सगळी माणसं तयार आहेत का, भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी आहे का. सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही हे अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय, तरी त्या सोसायटीतलं वातावरण आधी विचारा, रोजची भांडणं कुत्रीलाच भोगावी लागतात. महापालिकेचा परवाना काढायचा हे सांगा. आणि खोटं गोड लिहू नका. आम्ही स्पष्ट लिहिलं, फटाक्यांना घाबरते, एकटी राहिली की पहिला अर्धा तास रडते, पुरुषांशी जुळायला वेळ घेते. मेसेज कमी झाले, पण जे उरले ते वाचून आलेले होते.

देण्याआधी त्या घरच्यांना ३-४ वेळा आपल्याकडे बोलवा, मग त्यांच्याबरोबर फिरायला पाठवा, मग दोन आठवडे ट्रायल. न जमल्यास ती आपल्याकडेच परत येईल, परस्पर कुणाला द्यायची नाही, हे लिहून घ्या. सोबत तिची सतरंजी न धुता द्या, वास राहू दे, आठवड्याचं नेहमीचं खाणं, फाइल, आणि एका कागदावर तिचा दिवस. आणि त्या रात्री फोन सायलेंटवर ठेवू नका. आम्हाला पावणेदोनला फोन आला, ती दारापाशी बसून आहे, झोपत नाहीये, काय करू. मी म्हटलं, दादा, तुमची गादी हॉलमध्ये टाका, दिवा बंद करा, तिच्याकडे पाठ करून झोपा. सकाळी मेसेज आला, तीन वाजता गादीच्या कडेला येऊन आडवी झाली.