गड चढायचा, नदीकाठानं परतायचं: नागपूरजवळच्या पायी फेरीची तयारी

पहिलं काम वही-पेन घेऊन बसण्याचं. गेलो त्याच वाटेनं परत यायचं असेल तर फारशी तयारी लागत नाही. कुठं काटे आहेत, कुठं कुत्री अंगावर येतात, हापशी कुठल्या वळणावर आहे, हे सगळं जातानाच कळतं. गोल फेरीत परतीचा अर्धा भाग पूर्ण अनोळखी असतो आणि तो येतो तेव्हा पाय थकलेले, बाटली रिकामी होत आलेली आणि ऊन डोक्यावर. म्हणून फेरीची यादी शेवटाकडून करायची. शेवटच्या तासात कुठं असू, तिथं सावली आहे का, पाणी आहे का, तिथून गाडी किती वाजता, हे आधी लिहून काढा. कोणते बूट, किती दशम्या हे नंतर.

फेरी निवडताना नवख्यांनी रामटेकच धरावं. नागपूरहून जेमतेम 50 किलोमीटर, गणेशपेठहून एसटी, इतवारीहून पॅसेंजर. गावातून आधी अंबाळा तलावाकडं जायचं, काठावरच्या मंदिरांपाशी थोडं टेकायचं आणि तिथल्या दगडी पायऱ्यांनी गडावर चढायचं. वर वराहाची मोठी मूर्ती, नरसिंहाची वाकाटककालीन मंदिरं, मग राम-लक्ष्मणाची मंदिरं असं बघत दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी गावात उतरायचं. उलटी फेरीही होते, पण मी ती सांगणार नाही. अंबाळ्याकडून चढलं की उतरण थेट गावात येते आणि फेरीचा शेवट चहाच्या टपरीपाशी होतो. मध्येच कोणाचा गुडघा बोलू लागला तरी गडापर्यंत डांबरी रस्ता आहे, गाडी वर येते. पहिल्या फेरीला अशी पळवाट असलेली बरी.

एवढं जमलं की कळमेश्वर-सावनेरकडची अदासा-धापेवाडा ही जोडी घ्या. अदाशाला टेकडी आणि गणपती, धापेवाड्याला चंद्रभागेच्या काठी विठोबा. इथली वाट वावरांमधून जाते, म्हणून गावकऱ्यांना विचारतच चालायचं. आषाढी एकादशीनंतर धापेवाड्याला यात्रा भरते. त्या दिवसांत तिथं दर्शनाला जावं, फेरीला नाही.

अंभोरा तिसऱ्या पायरीवर. कुही, मांढळ, वेलतूर करत सत्तरेक किलोमीटर जावं लागतं. वैनगंगेला कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी तिथं येऊन मिळतात. टेकडीवर चैतन्येश्वर आहे आणि खाली नजर पोचेल तिथपर्यंत पाणी. पण हे पाणी गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्याचं आहे. पावसाळा संपता संपता ते काठावर चढतं, उन्हाळ्यात मागं सरतं. मार्चात ज्या काठानं कोणी चाललं असेल तो काठ नोव्हेंबरात पाण्याखाली असू शकतो, आणि पाणी ओसरल्यावर जी सपाट, वाळल्यासारखी दिसणारी जमीन उघडी पडते तिच्याखाली पोटरीपर्यंत गाळ असतो. अंभोऱ्याची वाट मोबाईलवर शोधू नये, तिथल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना विचारावी. डोंगा रोज त्याच पाण्यात घालणाऱ्याला काठ कुठवर टणक आहे ते ठाऊक असतं.

पेंच व्याघ्र प्रकल्प आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य यांच्या हद्दीत पायी फेरी हा विषयच नाही. तिथं जिप्सीनं, परवानगीनं जायचं. हद्दीबाहेरच्या जंगलपट्ट्यातही आधी वनरक्षकाला विचारावं. वाघ-बिबट नकाशावरच्या रेषा वाचत नाहीत. वनविभागाचा 1926 हा मदत क्रमांक फोनमध्ये टाकून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा पहाटे झाडाखाली अस्वल असण्याची शक्यता धरूनच चालायचं, आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याला गेलेली गावची माणसं घोळक्यानं का असतात ते लक्षात घ्यायचं. एकट्यानं झुडपाआड बसायला जाऊ नका. हे वाचून हसू येतं, पण वाकलेला किंवा बसलेला माणूस जनावराला माणसासारखा दिसत नाही.

आता तारीख. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत नागपुरात चालायचे दिवस. डिसेंबरात पारा 10 च्या खाली जातो आणि दहा वाजता स्वेटर कंबरेला बांधावा लागतो, म्हणून एक जाड कपडा घेण्यापेक्षा दोन पातळ घ्यावेत. त्या महिन्यात पावणेसातच्या सुमारास उजाडतं आणि साडेपाचनंतर लगेच अंधारतं. फेरी दोनच्या आत संपेल अशी आखा. फेब्रुवारी-मार्चात पळस फुलतो आणि सगळ्यांनाच बाहेर पडावंसं वाटतं. पण पळस लाल दिसतो तो पानं गेलेली असतात म्हणून. आजूबाजूची झाडंही तशीच उघडी, सावली कुठंच नाही. त्या दिवसांत फेरी निम्मी करा. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या घरात असताना टेकडी चढणं म्हणजे हौस नव्हे, हट्ट. फारच वाटलं तर उजाडताना शहरातल्याच सेमिनरी हिल्स टेकडीवर जाऊन आठच्या आत घरी या.

पावसाळ्याचं वेगळं बोलायला हवं, कारण टेकड्या हिरव्या होतात तेव्हाच नद्या फसवतात. नदीच्या दोन्ही काठांनी फेरी करायची तर ती दोनदा ओलांडावी लागते आणि आपल्याकडं ओलांडणं म्हणजे बहुतेक ठिकाणी रपटा, म्हणजे पात्रातला बुटका पूल. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर फेरी तिथंच मोडते. हे चार तास चालल्यावर कळलं तर माणूस मागं फिरत नाही, घोट्याएवढंच आहे म्हणत पाण्यात उतरतो. म्हणून रपट्याची चौकशी सकाळी निघण्याआधी करायची, आणि दुसऱ्या रपट्याची आधी, पहिल्याची नंतर. ओलांडायची जागा परतीच्या वाटेवर असेल तर फेरी उलट्या दिशेनं फिरवा, म्हणजे अडचण पहिल्या तासातच समोर येईल आणि परत फिरायला जीव कचरणार नाही. तोतलाडोह आणि नवेगाव खैरी या धरणांची दारं उघडली की पेंचचं पाणी कामठीजवळ कन्हानला येतं. नागपुरात आभाळ कोरडं असलं तरी तिकडं चौराई-छिंदवाड्याकडं कोसळलेलं असू शकतं. ऑगस्ट-सप्टेंबरात धरणाची बातमी वाचल्याशिवाय कन्हानच्या काठाला जाऊ नका.

पाण्यात उतरण्याबद्दल एकच सांगतो: उतरू नका. रेती उपसून झालेले खड्डे वरून दिसत नाहीत. कन्हान गुडघाभर दिसते, दोन पावलं पुढं टाकली की तळ लागत नाही. वाकीच्या डोहाची बातमी दर उन्हाळ्यात पेपरात येते आणि बुडालेली पोरं बहुतेक पोहायला नव्हे, पाय धुवायला उतरलेली असतात. पाय धुवायचे तर हापशीवर धुवा.

बुटांकडं वळू. नवे बूट फेरीला घालून जायचे नाहीत, आठवडाभर ते अंबाझरी तलावावर किंवा बाजाराला घालून फिरायचं. सावनेर-काटोलकडं काळी माती. पावसाचा एक शिडकावा झाला की ती तळव्याला थरावर थर चिकटते आणि बूट दुप्पट जड होतो. अशा वेळी बुटाची खोल नक्षी उपयोगाची नसते, उलट चिखल धरून ठेवते. बांबूची एखादी चिपटी खिशात असू द्या, दर अर्ध्या तासानं तळवे खरवडायला. रामटेक-मौद्याकडं धानाच्या बांधी, म्हणजे भाताची खाचरं. तिथं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून चालावं लागतं आणि धुरा अरुंद, कडा खचणारी, म्हणून जड बुटापेक्षा हलका, पाय घट्ट धरणारा जोडा बरा. गडाच्या पायऱ्या शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झाल्यात. ओल्या असतील तर उतरताना घाई करू नका.

मोज्यांचं कोणी सांगत नाही. पाऊस गेला की माळावरचं गवत पिकतं आणि कुसळं तयार होतात. लोकरी किंवा जाड सुती मोज्यात ती टोकानं शिरतात, पावलागणिक आत सरकतात आणि तासाभरात घोट्याला सुया टोचू लागतात. ओढून काढायला जावं तर शेपूट हातात येतं, टोक आतच राहतं. उपाय साधा: गुळगुळीत कापडाची फुल पँट, पायाशी मोज्यावरून खाली ओढून नाडी किंवा रबर लावलेली, आणि खिशात भुवयांचा चिमटा. हाफ चड्डी फोटोत छान दिसते. नोव्हेंबरात तिचा नाद सोडा. खाजकुयरीच्या शेंगा दिसल्या तर लांबूनच जा, आणि लवभर केस लागलेच तर चोळू नका.

वावरांचं कुंपण नीट बघायला शिका. रानडुकरांपासून पीक वाचवायला कोणी जुन्या साड्या बांधतं, त्यांचा त्रास नाही. कोणी बांबूंवर बारीक तार ओढून झटका मशीन लावतं. त्याचा नुसता हिसका बसतो, पण गडबडून पडलात तर हात मोडतो. खरी भीती थेट खांबावरून वीज सोडलेल्या तारेची. ती बेकायदेशीर आहे, तरी लावली जाते, आणि बहुधा रात्रीच सुरू असते. उजाडायच्या आत धुऱ्यावर पाय ठेवायचा नाही तो एवढ्यासाठी. पहाटेचा तासभर डांबरी सडकेवर काढा, उन्हं दिसली की पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट धरा. शेतात माणूस दिसला तर हाक मारून विचारा, “भाऊ, या धुऱ्यानं गेलं तर चालते का? तार सुरू आहे का?” बहुतेक वेळा तो वाट सांगतो, वरून घरच्या संत्र्याच्या दोन फोडीही देतो. बागेतलं आपल्या हातानं मात्र एकही फळ तोडायचं नाही.

पाण्याचा हिशेब किलोमीटरवर नाही, उन्हावर करा. थंडीत दिवसभराला माणशी 2 लिटर, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत 3 लिटर. ते एकाच मोठ्या बाटलीत नको, लहान बाटल्यांत घ्या. एक बाटली शेवटच्या तासाची, तिला फेरीच्या अर्ध्यात हात लावायचा नाही. अर्धं पाणी संपलं आणि अर्धी वाट झाली नसेल तर तिथूनच मागं फिरायचं, यावर सोबत्यांचं एकमत निघण्याआधीच करून घ्या, कारण तिथं पोचल्यावर वाद होतो. ओआरएसच्या दोन पुड्या सोबत हव्यातच. खिशात कांदा ठेवला की लू लागत नाही असं आपल्याकडं घरोघरी सांगतात. कांदा घ्या जरूर, पण भाकरीसोबत खायला. उन्हाचं काम पाणी, मीठ आणि डोक्यावरचा दुपट्टा करतो.

खायला दशम्या सगळ्यात सोयीच्या: दुधात मळलेल्या, दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहतात, हातात धरून चालता चालता खाता येतात. ठेचा कोरडा घ्या. ओला घेतला की डबा सांडतो आणि सगळ्या बॅगेला मिरचीचा वास लागतो. निघताना तर्री पोहे खाऊ नका. ते परतल्यावर. चढणीला तर्री वर येते. रामटेकला वानरं आहेत आणि त्यांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज माणसापेक्षा आधी ऐकू येतो. प्रसादासकट सगळं खाणं पाठीवरच्या बॅगेत, चेन लावून. हातात पिशवी दिसली की ती त्यांची. त्यांना खाऊ घालायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. लहान पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा तर देऊच नका.

औषधांत फार पसारा नको: चिकटपट्टी, जंतुनाशक, क्रेप बँडेज, आपापल्या रोजच्या गोळ्या. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, त्या माणसाला चालवायचं नाही. पाय हलू न देता 108 ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा, विषावरची लस तिथं असते. रामटेकला उपजिल्हा रुग्णालय आहे, नागपुरात मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालयं. जवळचं कुठलं ते आधी कागदावर लिहा. उंच झाडांवर, कड्यांवर किंवा पुलाच्या पोटाला आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, गाणी सगळं बंद आणि गुपचूप वाट बदला.

टॉर्च, पॉवर बँक आणि सुटे पैसे यांना एका ओळीत उरकतो. नकाशा मोबाईलमध्ये आदल्या रात्रीच उतरवून घ्या, टेकडीमागं रेंज जाते.

शेवटची चिठ्ठी घरच्यांसाठी, फ्रिजवर चिकटवायची. कुठून चढणार, कुठल्या गावात उतरणार, सोबत कोण, परतीची एसटी किती वाजता. खाली एक वेळ लिहा. तेवढ्यात फोन आला नाही तर घरच्यांनी वाट बघत बसायचं नाही, उतरणीच्या गावच्या पोलीस ठाण्याला कळवायचं. ही वेळ एसटीच्या वेळेनंतर दोन तासांची ठेवा. त्याहून आधीची ठेवली तर आई पहिल्या उशिरालाच अख्खं गाव उठवेल.