महायुद्धाचा अभ्यास सुरू करताना : मुंबईची गोदी आणि टायबरचे खोरे

दुसऱ्या महायुद्धाच्या अभ्यासाला लागलो तेव्हा माझी पहिली दोन वर्षे नकाशे, रणगाडे आणि सेनापती यांतच गेली. नागरी इतिहास ही मुख्य विषयाला जोडलेली पुरवणी आहे, असा माझा समज होता आणि तो 14 एप्रिल 1944 या एका तारखेने मोडला. म्हणून या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, संपूर्ण युद्ध हाती घेऊ नका. एक दिवस आणि एक ठिकाण निवडा, आणि त्या दिवसाचे लष्करी व नागरी कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा.

त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज उभे होते. त्यात सुमारे 1,400 टन स्फोटके होती आणि त्यांच्याच सोबतीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी होत्या. शांततेच्या काळात असा माल एकत्र भरला गेला नसता. पण जहाजांची टंचाई होती आणि युद्धाची निकड पुढे करून कप्तानाचा आक्षेप बाजूला सारला गेला. दुपारी आग लागली, 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवायला धावलेले 66 बंबवाले त्यात गेले आणि हजारो कुटुंबे बेघर झाली. लष्करी टिपणात ही घटना दारूगोळ्याच्या वाहतुकीतील अपघात ठरते, तर गोदीलगतच्या वस्तीत ती छपरावर येऊन पडलेली पेटती कापसाची गाठ असते. लगतच्या दिवसांची वर्तमानपत्रे चाळताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : तेव्हा सेन्सॉरशिप होती, त्यामुळे काय छापलेले नाही, हेही वाचावे लागते.

रणभूमीकडे वळताना मी त्याच वर्षातील 10 जुलै निवडला. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. ते सोडून बाकी सारे ठार वा जखमी झाले असताना ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, ते त्यांनी काबीज केले आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्रातील त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचे, म्हणजे ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे, मानपत्र आज घरबसल्या वाचता येते. मात्र तेवढ्यावर थांबू नये. मरणोत्तर मिळालेले हे पदक त्यांच्या पत्नीने स्वीकारले, आणि माझ्या मते त्या दिवसाचा उरलेला इतिहास माणगाव तालुक्यातील त्यांच्या गावाकडे वळतो.

साध्या शिपायाचा माग काढणे याहून अवघड असते. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या (CWGC) संकेतस्थळावर रेजिमेंट आणि मृत्यूची तारीख टाकून शोध घेता येतो. कित्येक नोंदींत वडिलांचे किंवा पत्नीचे नाव आणि गावही सापडते. गावांची नावे इंग्रजी कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी उतरलेली असतात, म्हणून ती मोठ्याने म्हणून पाहावीत आणि जुना जिल्हा लक्षात ठेवावा. आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील कागदांसाठी ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ उपयोगी पडते.

गावी गेल्यावर मी आरंभी ‘आजोबा कोणत्या लढाईत होते?’ असे विचारत असे आणि उत्तर मिळत नसे. पुढे ‘त्या वर्षांत मनीऑर्डर कुठून यायची, कंट्रोलवर धान्य काय मिळायचे, घरची शेती कोण बघायचे?’ असे विचारू लागलो, तेव्हा थोरामोठ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी लोक सांगू लागले. अशाच एका घरी ट्रंकेच्या तळातून सैन्यातून मुक्त केल्याचा, म्हणजे डिस्चार्जचा, कागद निघाला. घडीवर विरलेला तो कागद उलगडण्यापूर्वी मी घरच्यांची परवानगी घेतली आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढली. पुढच्या बाजूला बटालियनचे नाव होते. मागे पेन्सिलीने कुणी तरी घरखर्चाचा हिशेब मांडला होता.